संकेतस्थळ : रंगवायचे की रचायचे?

दुकानाची पाटी रंगविणारा पेंटर आणि दुकान बांधणारा गवंडी यांची कामे वेगळी आहेत, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पाटी कितीही सुरेख असली तरी तिच्यातून आत जाता येत नाही. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र हा भेद आपण सहज विसरतो. पेढीचे, संस्थेचे किंवा वसतिगृहाचे संकेतस्थळ करावयाचे ठरले की पहिला प्रश्न येतो तो, "आपल्यात फोटोशॉप कोणाला येते?" हा. घरात एखादा पुतण्या किंवा भाची असतेच. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, वर्धापनदिनाची जाहिरात त्यांनीच केलेली असते. मग संकेतस्थळही तेच करतील, चार पैसे वाचतील आणि काम घरातले घरात होईल, असा सोयीचा हिशेब मांडला जातो. चार दिवसांत पान तयार होते, दिसायलाही देखणे असते. प्रश्न पुढे सुरू होतात.

संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची चौकट. ८०० ठिपके आडवे आणि १,२०० उभे अशा एका चित्रात ९,६०,००० ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग कोणता, एवढेच त्या फाइलला ठाऊक असते. त्यांतल्या काही काळ्या ठिपक्यांनी मिळून 'प्रवेश अर्ज' अशी अक्षरे उमटतात, पण ती आपल्याला दिसतात, संगणकाला नव्हे. संकेतपानाची मूळ कल्पना याच्या अगदी उलट आहे. तेथे मजकूर हा मजकूर म्हणूनच पाठविला जातो आणि सोबत एचटीएमएल या खुणांच्या भाषेत सांगितलेले असते की, हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा. अक्षरे केवढी, कोणत्या रंगाची, बाजूला मोकळी जागा किती, हे सीएसएस नावाच्या वेगळ्या सूचनांत असते. या दोहोंवरून वाचकाच्या यंत्रावरील ब्राउझर ऐनवेळी पान जुळवितो. छापील पानासारखे एकदाच ठरून गेलेले पान येथे नसतेच. पाच वाचक असले तर पाच वेळा ते नव्याने जुळविले जाते, प्रत्येकाच्या पडद्याच्या मापाने.

चित्रसंपादनाची साधने आणि पानरचनेची साधने यांच्यातला झगडा या एका भेदातून उगवला आहे. त्याला तीस वर्षांचा इतिहास आहे आणि मराठीपुरते बोलायचे तर त्यात एक विशेष अडचणीचे प्रकरणही आहे.

कापून जोडलेली पाने

फोटोशॉप हे आपल्याला वाटते त्याहून जुने आहे. थॉमस आणि जॉन नोल या दोघा अमेरिकन भावांची ही निर्मिती अ‍ॅडोबी कंपनीने १९९० च्या फेब्रुवारीत बाजारात आणली. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत घडविलेले वेब जगासमोर आले ते त्यानंतर, १९९१ मध्ये. छायाचित्रे सुधारण्यासाठी आणि छपाईची तयारी करण्यासाठी ते साधन बनले होते, संकेतपान ही वस्तूच तेव्हा कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. प्रारंभीचे वेब हे शास्त्रज्ञांचे होते, त्यात शोभेला स्थान नव्हते. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून आलेल्या मोझेक या ब्राउझरने मजकुराच्या ओळींतच चित्र दाखविण्यास सुरुवात केली आणि मग जाहिरात, मासिके, मुद्रण या क्षेत्रांतली कलावंत मंडळी या नव्या माध्यमाकडे वळली.

येताना ती आपली शिस्तही घेऊन आली. कागदावर अर्ध्या मिलिमीटरचाही फरक खपत नाही, अशा वातावरणात घडलेल्या माणसाला, वाचकाच्या यंत्रावर ओळ कोठे तुटेल ते सांगता येत नाही हे ऐकून धक्काच बसला असणार. एचटीएमएलपाशी तेव्हा पानाची मांडणी करण्याचे साधनच नव्हते. आकड्यांचे तक्ते दाखविण्यासाठी ठेवलेली 'टेबल' ही खूण होती. कलावंतांनी तिचाच सांगाडा केला. डेव्हिड सीगल या अमेरिकन रचनाकाराने १९९६ मध्ये एक गाजलेले पुस्तक लिहून या युक्त्या जगभर पोचविल्या. एका ठिपक्याएवढे पारदर्शक चित्र बनवायचे, ते हवे तेवढे ताणायचे आणि त्याची अदृश्य पाचर मारून मजकूर इकडचा तिकडे सरकवायचा, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध युक्ती.

या युक्त्यांचे पुढे यंत्रच झाले. अ‍ॅडोबीने इमेजरेडी नावाचे साधन १९९८ मध्ये काढले आणि १९९९ च्या फोटोशॉप ५.५ सोबत ते जोडून दिले. आता सगळे पान आधी चित्र म्हणून रंगवायचे, वर बोधचिन्ह, डावीकडे बटणांची रांग, मध्ये मजकूर. मग 'स्लाइस' या हत्याराने त्याचे सुरीने कापावेत तसे आयताकृती तुकडे पाडायचे आणि 'सेव्ह फॉर वेब' म्हणायचे. प्रणाली स्वतःच एक एचटीएमएल फाइल लिहून देई, शेजारी तुकड्यांनी भरलेला एक फोल्डर ठेवी आणि तक्त्याच्या चौकोनांत ते तुकडे पुन्हा जोडून मूळ चित्र जसेच्या तसे उभे करी. एक ओळही न लिहिता संकेतस्थळ तयार! ज्याने ही गोष्ट प्रथम पाहिली त्याला ती जादू वाटली असेल, यात नवल नाही.

जादूची किंमत वाचक मोजत होता. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढील कितीतरी वर्षे घरोघरी टेलिफोनच्या तारेवरून, कर्कश आवाज करणाऱ्या मोडेमनेच ते येत असे. त्यांतला वेगवान समजला जाणारा ५६ केबीपीएसचा मोडेम अगदी आदर्श स्थितीतही सेकंदाला ७ किलोबाइटच आणू शके. २,००० देवनागरी अक्षरखुणांचा मजकूर साधारण ६ किलोबाइट भरतो, म्हणजे तो सेकंदाच्या आत यावा. तोच मजकूर चित्ररूपात १४० किलोबाइट झाला तर २० सेकंद. वर टेलिफोनचे मीटर चालूच. वरून खाली हळूहळू उलगडत जाणारी ती चित्रे त्या पिढीतल्या वाचकांना आठवत असतील.

मराठीची गोष्ट वेगळी

एवढे वाचून कोणी म्हणेल, की चित्रातून पाने करणारे सगळे अडाणीच होते. मराठीपुरते तरी तसे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण १९९५ ते २००३ च्या सुमाराला मराठी माणसापुढे दुसरा बिनधोक मार्गच फारसा नव्हता.

पुणे-सांगली-कोल्हापूरपासून नागपूरपर्यंतच्या डीटीपी केंद्रांत श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींवर काम चाले. त्यांत अक्षरे सुंदर उमटत, पण आत साठवण वेगळीच असे. संगणकाच्या लेखी ती रोमन लिपीचीच चिन्हे असत आणि त्या विशिष्ट टंकाचा, म्हणजे फाँटचा, चष्मा लावला तरच ती मराठी दिसत. प्रत्येक कंपनीचा चष्मा निराळा. तोच मजकूर संकेतपानावर ठेवला आणि वाचकाच्या यंत्रावर तो टंक नसला, तर समोर येई ती इंग्रजी अक्षरांची व विचित्र चिन्हांची खिचडी. 'आमचा फाँट आधी उतरवून घ्या' अशी सूचना कित्येक मराठी पानांच्या माथ्यावर असे, आणि ती पाळण्याइतकी चिकाटी किती जणांपाशी असणार? मग सोपा उपाय उरे. डीटीपीवर मजकूर जुळवायचा, फोटोशॉपमध्ये नेऊन त्याचे चित्र करायचे, आणि ते चित्र ठेवून द्यायचे. अमेरिकेतल्या भाच्यालाही ते दिसे, गावाकडच्या सायबर कॅफेतही दिसे. त्या काळी चित्र ही मराठी अक्षरांची सुरक्षित पेटी होती.

युनिकोडने हे चित्र बदलले. जगातील लिप्यांतल्या प्रत्येक अक्षरखुणेला स्वतःचा कायमचा क्रमांक देणाऱ्या या पद्धतीत देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच होती. प्रश्न होता तो घरातल्या संगणकापर्यंत ती पोचण्याचा. विंडोज २००० आणि पाठोपाठ एक्सपी यांनी मंगल हा टंक आणि देवनागरी जोडाक्षरे जुळविण्याची सोय दिली. एक्सपीमध्ये ती सोय आणखी एका खिडकीत जाऊन चालू करावी लागे, ही गोष्ट निराळी. मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ चा आहे. त्या वर्षांच्या मागेपुढे मराठी अक्षर जालावर अक्षर म्हणून राहू लागले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आणि येथेच एक विचित्र गाठ पडली. ब्राउझर सुधारले, पण चित्रसंपादनाची साधने मागे राहिली. 'किरण' हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये साठवण उच्चाराच्या क्रमाने होते, आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी. दिसताना वेलांटी क च्या आधी यायला हवी. ही अदलाबदल प्रणालीने करायची असते. जुन्या फोटोशॉपला ती जमत नसे. वेलांटी नंतरच बसे, जोडाक्षरे फुटून हलन्ताचे पाय लोंबत राहत, रफार भलत्याच अक्षरावर चढे. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला खास मराठी अर्धा र तर विचारूच नका. नव्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांची व्यवस्था आली असली तरी सवयीमुळे म्हणा, जुन्या टंकांच्या प्रेमामुळे म्हणा, पुष्कळ कलावंत आजही जुन्या पद्धतीनेच टंकलेखन करतात. परिणामी त्यांच्या फाइलमधला मजकूर उचलून संकेतपानावर ठेवला की पुन्हा तीच खिचडी. मग ते म्हणतात, "राहू द्या, चित्रच टाकतो." कारण संपले तरी रीत टिकून राहिली, ती अशी.

वसतिगृहाचे एक पान

आता एका वसतिगृहाचे पान कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. फिकट केशरी पार्श्वभूमी, इमारतीचे छायाचित्र, संस्थापकांचे वर्तुळात बसविलेले चित्र, खाली प्रवेशाचे नियम, शुल्क, अर्जाची अंतिम तारीख आणि दोन दूरध्वनी क्रमांक. सारे फोटोशॉपमध्ये केलेले, १,२०० ठिपके रुंद, अक्षरे १८ ठिपक्यांची. कार्यालयातल्या संगणकावर विश्वस्तांनी पाहिले आणि सर्वांना आवडले.

पण ज्या मुलीला प्रवेश हवा आहे ती हे पान पाहणार मोबाइलवर. ब्राउझरच्या हिशेबाने त्या पडद्याची रुंदी ३६० च्या आसपास धरली जाते. १,२०० चे चित्र तेथे ३० टक्के होऊन बसते आणि १८ ठिपक्यांचे अक्षर साडेपाचांहूनही लहान होते. मग दोन बोटांनी पान मोठे करायचे, ओळ वाचायला उजवीकडे सरकवायचे, पुढच्या ओळीसाठी परत डावीकडे. मजकूर जर खराच मजकूर असता तर तो अरुंद पडद्यावर आपोआप अधिक ओळींत विभागला गेला असता. एथन मार्कोट या अमेरिकन रचनाकाराने मे २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह' रचनेची कल्पना मांडली ती नेमकी यासाठी, की एकच पान पडद्याच्या मापानुसार स्वतःला आवरते किंवा पसरते. चित्राला फक्त आकसता येते.

त्या मुलीने क्रमांकावर बोट टेकले तर फोन लागत नाही, कारण तो क्रमांक नसून क्रमांकाचे चित्र आहे. ती तो कागदावर उतरवून घेते. तिच्या वडिलांना हा पत्ता नात्यातल्या कोणाला पाठवायचा आहे, पण मजकूर निवडता येत नाही. शोधयंत्रात कोणी 'मुलींचे वसतिगृह' असे मराठीत टाकले, तर हे पान पुढे येण्याची शक्यता फार थोडी, कारण शोधयंत्रे प्रामुख्याने पानातला मजकूर वाचून त्याची नोंद ठेवतात, आणि या पानात मजकूर जवळजवळ नाहीच.

सर्वांत मोठा अडथळा ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यापुढे उभा राहतो. अंध वाचक संगणक वा मोबाइल वापरतात ते पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या प्रणालीच्या साह्याने. एनव्हीडीए ही त्यांपैकी एक, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेली आणि कोणालाही विनामूल्य मिळणारी. अशी प्रणाली मराठी युनिकोड मजकूर वाचू शकते. तिच्यापुढे चित्र आले की ती चित्राला जोडलेले पर्यायी वर्णन शोधते आणि ते कोणी लिहिलेले नसेल तर फाइलचे नाव वाचते किंवा नुसते 'ग्राफिक' म्हणून पुढे जाते. कापून जोडलेल्या पानावर अशा वाचकाला शुल्क, नियम, तारीख यांऐवजी तुकड्यांचे अनुक्रमांक ऐकावे लागतात. वेबची मानके ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संघटनेच्या २००८ च्या सुगम्यता-निकषांत, बोधचिन्हासारखे अपवाद सोडले तर, मजकुराचे चित्र न करता मजकूरच वापरावा असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या देशातही दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा माहितीची साधने त्यांना वापरण्याजोगी असावीत असे सांगतो. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या संस्थेच्या दाराशी उतरण उभारण्यासाठी आपण आनंदाने देणगी देतो, तिच्या संकेतस्थळावर मात्र अशी उतरण हवी याचा विचार बैठकीत निघत नाही, हे मला खटकते.

यानंतर वर्ष बदलते. शुल्क वाढते, एक क्रमांक बंद होतो. पान करणारा मुलगा आता बंगळुरूला नोकरीला आहे, आणि थरांसहित असलेली मूळ पीएसडी फाइल त्याच्या जुन्या संगणकाबरोबर गेली आहे. मग कोणीतरी जुन्या आकड्यावर पांढरी चौकट ठेवून त्यावर वेगळ्याच वळणाचा नवा आकडा बसवितो. अशी ठिगळे लावलेली पाने मी पुष्कळ पाहिली आहेत, वाचकांनीही पाहिली असतील. शिवाय चित्र जेपीईजी पद्धतीत पुनःपुन्हा साठविले तर दर वेळी ते थोडे अधिक पुसट होते. ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन करून त्यांतला बारीक तपशील गाळते. डोंगराच्या छायाचित्रात ते कळत नाही. अक्षराच्या धारदार कडेवर मात्र लगेच धूळ साचल्यासारखी दिसते आणि अनुस्वाराचा लहानसा ठिपका पहिला बळी पडतो. 'भांडे' आणि 'भाडे' यांतला फरक एवढ्याशा ठिपक्याचाच असतो.

पानरचनेची साधने सोवळी नाहीत

मग केवळ पानांसाठी बनविलेली साधने घेतली की सगळे ठीक होते काय? इतकेही सोपे नाही. मायक्रोसॉफ्टचे फ्रंटपेज १९९६ पासून घरोघरी पोचले. वर्डमध्ये पत्र लिहावे तसे त्यात पान लिहिता येई, हा त्याचा मोठा गुण. पण ते मागे जो संकेत लिही तो अवजड असे आणि त्याची काही वैशिष्ट्ये विशिष्ट सर्व्हरवरच चालत. १९९७ च्या अखेरीस आलेले मॅक्रोमीडियाचे ड्रीमवीव्हर अधिक शहाणे होते. एका बाजूला दिसणारे पान आणि दुसऱ्या बाजूला त्याचा संकेत, असे दोन्ही समोर ठेवून काम करता येई, त्यामुळे शिकणाऱ्याला आपण काय करीत आहोत ते कळत जाई. चाळीस पानांच्या माथ्यावरची पट्टी बदलायची असेल तर साच्यात एकदा बदल करून चाळीसही पाने सुधारता येत. हे काम चित्रसंपादनाच्या साधनाने करायचे म्हणजे चाळीस चित्रे पुन्हा उघडणे आले.

याच कंपनीने १९९८ मध्ये फायरवर्क्स नावाचे तिसऱ्याच जातीचे साधन आणले होते. ते चित्राचेच होते, पण संकेतपानासाठी लागणाऱ्या चित्रांचे. बटणे, चिन्हे, पट्ट्या यांसाठी त्याच्या तोडीचे दुसरे साधन त्या काळी नव्हते, असे माझे मत आहे. अ‍ॅडोबीने २००५ मध्ये मॅक्रोमीडिया विकत घेतली आणि २०१३ मध्ये फायरवर्क्सच्या नव्या आवृत्त्या थांबविल्या. ज्यांचा हात त्यावर बसला होता त्यांना हळहळ वाटली.

दरम्यान एक मधला धंदाही उभा राहिला होता. परदेशातला कलावंत फोटोशॉपमध्ये पानाचे चित्र करी आणि ती पीएसडी फाइल भारतातल्या लहानमोठ्या कंपन्यांकडे पाठवी. येथली मुले ती पाहून हाताने एचटीएमएल आणि सीएसएस लिहीत. 'पीएसडी टू एचटीएमएल' या नावाने हे काम चाले आणि अनेकांचे घर त्यावर चालले. कामाची ही वाटणी मला योग्य वाटते. चित्र हा तेथे नकाशा होता, घर नव्हते. आज हा नकाशा काढण्यासाठी फिग्मासारखी साधने आली आहेत, तेथे चौकट ताणली की आतला मजकूर कसा वागेल तेही आधी पाहता येते.

आजची घरगुती संकेतस्थळे बहुधा वर्डप्रेसवर असतात. २००३ मध्ये सुरू झालेली ही मुक्त प्रणाली वापरायला विनामूल्य आहे, तिच्यात मराठी थेट टंकलिखित करता येते, आणि कार्यालयातला कारकूनही अंतिम तारीख बदलू शकतो. तरीही गंमत अशी, की या उत्तम साधनातही अनेक संस्था करतात काय, तर फोटोशॉपमध्ये किंवा कॅनव्हावर केलेले पत्रक पानावर चिकटवून मोकळ्या होतात. पान वर्डप्रेसचे, आत मात्र तेच जुने चित्र. उलट साधा नोटपॅड घेऊन कोणी वीस ओळींचे एचटीएमएल नीट लिहिले तर ते पान अंध वाचकाला, शोधयंत्राला आणि मोबाइललाही समजते. काही व्यावसायिक सेवांत आणखी एक खोच असते. पान त्यांच्याच घरात सुंदर दिसते, पण उद्या दुसरीकडे हलवायचे म्हटले तर सामान बाहेर काढता येत नाही. वर्गणी भरण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा.

अक्षरांच्या सौंदर्यासाठी चित्रच हवे, हा आग्रह आता टिकत नाही. टंकाची फाइल पानासोबत पाठविण्याची सोय सर्व ब्राउझरांत आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले मुक्ता आणि बालू यांसारखे देवनागरी टंक मुक्त परवान्याने मिळतात. पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याची खूण केली, तर काही टंक आपल्या वळणाचे ल आणि श आपोआप देतात, हिंदी वळणाचे नव्हे. ही बारीक गोष्ट मला फार आवडते.

फोटोशॉपची हकालपट्टी करावी असे येथे कोणीही म्हणत नाही. सराफाच्या किंवा कापडाच्या दुकानाचे संकेतस्थळ छायाचित्रांवरच उभे असते. मोबाइलने काढलेले ४,००० बाय ३,००० ठिपक्यांचे छायाचित्र तसेच चढविले तर ग्राहक वाट पाहून निघून जाईल. ते नीट कापणे, साडीचा रंग खरा दिसेल असा प्रकाश सुधारणे, हजार-बाराशे ठिपक्यांपर्यंत आणून हलके करणे, हे काम चित्रसंपादनाच्या साधनाचेच, आणि ते करणाऱ्या हाताला चांगला मोबदला द्यावा. घरातल्या पुतण्याला हे काम जरूर द्यावे. मात्र मुलांना 'वेब डिझाइन'च्या वर्गाला घालताना पालकांनी चौकशी करावी, की तेथे एचटीएमएल व सीएसएस हाताने लिहायला शिकवितात की केवळ फोटोशॉप आणि तयार साचे. वर्गाचे शुल्क भरताना फलकावरच्या नावापेक्षा अभ्यासक्रम पाहिलेला बरा.

संस्थेने काम बाहेर दिले असेल, तर पैसे चुकते करण्याआधी मोबाइलवर पान उघडून कोणत्याही ओळीवर बोट दाबून धरावे. शब्द निवडला गेला तर तो मजकूर आहे, अख्खा चौकोन उचलला गेला तर चित्र. त्याच बैठकीत संकेतस्थळाचे नाव संस्थेच्याच नावावर नोंदविले आहे ना, परवलीचे शब्द कार्यालयात आहेत ना आणि छायाचित्रांच्या मूळ फाइली हाती आल्या आहेत ना, हेही पाहून घ्यावे.

राहता राहिली ती आधीच चित्रांत अडकलेली जुनी पाने. संस्थांचे इतिहास, देणगीदारांच्या याद्या, स्मरणिकांतले लेख असे बरेच काही त्यांत आहे आणि ते टाकून देण्याजोगे नाही. टेसरॅक्टसारख्या विनामूल्य अक्षरओळख प्रणाली आता मराठी वाचतात, मोबाइलचा कॅमेराही चित्रातला मजकूर उचलून देतो. मात्र रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे त्यांत हमखास निसटतात, माणसांची आणि गावांची नावे तर विशेष. तेव्हा काम दोघांनी मिळून करावे. एकाने मूळ चित्र पाहून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावर दुरुस्त करावे. शुद्धलेखन पक्के असलेले आजोबा आणि टंकलेखनात चपळ असलेली नात, अशी जोडी दिवाळीच्या सुटीत दिवसाला चार-पाच पाने सहज पुरी करू शकेल. आरंभ देणगीदारांच्या यादीपासून करावा, कारण त्यातली नावे ओळखणारी माणसे आज घरात आहेत.